वाणी आणि मन : सम्यक वाचेचा एक अभ्यास



विहारात पंचशील ग्रहण करताना चौथ्या शीलाने आपण खोटे न बोलण्याचा निश्चय करतो. आर्य अष्टांगिक मार्गात मात्र वाचेला याहून मोठी जागा दिलेली आहे. सम्यक दृष्टी आणि सम्यक संकल्प यांच्या पाठोपाठ तिसरे अंग येते ते सम्यक वाचेचे. सम्यक कर्मान्त आणि सम्यक आजीविका तिच्या नंतर. या क्रमाला अर्थ आहे. माणूस आधी पाहतो, मग मनात ठरवतो, आणि मनातले सर्वांत आधी बाहेर पडते ते शब्दांच्या रूपाने. म्हणूनच माणसाच्या बोलण्यावरून त्याचा स्वभाव आणि त्याच्या मनाचे आरोग्य काही अंशी कळू शकते. ते किती अंशी कळते, कोठे फसगत होते आणि कळल्यावर आपले कर्तव्य काय, या तीन प्रश्नांचा विचार या पाठात करावयाचा आहे.

धम्मातील विवेचन

मज्झिम निकायातील चूळवेदल्ल सुत्तात विसाख उपासक धम्मदिन्ना भिक्खुणीला अनेक अवघड प्रश्न विचारतो. त्यांपैकी एक प्रश्न वाचेच्या संस्कारासंबंधी आहे. धम्मदिन्ना सांगते की वितर्क आणि विचार हेच वाचेचे संस्कार होत; माणूस अगोदर मनात घोळवतो आणि नंतर त्याची वाचा फुटते. एका स्त्रीने दिलेली ही उत्तरे तथागतांनी जशीच्या तशी मान्य केली, हेही आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावे. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट आजचे मानसशास्त्र वेगळ्या शब्दांत सांगत आहे.

मिथ्या वाचेचे चार प्रकार धम्मात सांगितले आहेत. मुसावाद म्हणजे असत्य बोलणे. पिसुणावाचा म्हणजे चहाडी, दोन माणसांत फूट पाडणारे बोलणे. फरुसावाचा म्हणजे कठोर, शिवराळ बोलणे. सम्फप्पलाप म्हणजे निरर्थक बडबड. हे चार प्रकार चार मनःस्थिती दाखवतात. असत्याच्या मुळाशी बहुधा भय किंवा लोभ असतो. चहाडीच्या मुळाशी मत्सर, कठोर शब्दाच्या मुळाशी द्वेष, आणि निरर्थक बडबडीच्या मुळाशी मनाची अस्थिरता असते. वैद्य नाडी पाहतो, तसा धम्माचा अभ्यासक वाणी पाहतो. पण कोणाची? सर्वप्रथम स्वतःची. राहुलला उपदेश करताना तथागतांनी आरशाचा दृष्टांत दिला आहे. आरसा जसा स्वतःला पाहण्यासाठी, तसे आपले प्रत्येक कायिक, वाचिक आणि मानसिक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. हा आरसा आधी स्वतःसमोर धरावयाचा आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सम्यक वाचेचे विवेचन करताना एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. सम्यक वाचा ही कोणाच्या भीतीपोटी किंवा कोणाच्या मेहेरबानीसाठी नसावी. वरिष्ठाला काय वाटेल, किंवा आपला काय फायदा-तोटा होईल, हा तिचा निकष नाही. याचा अर्थ असा की हात जोडून, मान खाली घालून बोललेले गोड शब्दही सम्यक वाचा ठरत नाहीत. भयातून आलेली नम्रता हे मनाच्या जखमेचे चिन्ह आहे. या मुद्द्याकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

आधुनिक संशोधन काय सांगते?

१९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेगळे काढले. समाजाला माणसांत जे फरक महत्त्वाचे वाटतात ते भाषेत साठलेले असतात, ही त्यामागची कल्पना. व्यक्तिमत्त्वाच्या पुढील अभ्यासाचा पाया त्यातून घातला गेला.

हे झाले माणसाविषयीचे शब्द. माणूस स्वतः कोणते शब्द वापरतो, याचा अभ्यास अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाचे जेम्स पेनेबेकर यांनी अनेक वर्षे केला. मोठमोठ्या शब्दांपेक्षा 'मी', 'आम्ही', 'पण', 'कारण' असे बारीकसारीक शब्दच मनाविषयी अधिक सांगतात, असे त्यांना आढळले. कारण असे शब्द माणूस विचारपूर्वक निवडत नाही, ते आपोआप येतात. २००१ साली त्यांनी आणि शॅनन स्टर्मन यांनी आत्महत्या केलेल्या नऊ आणि न केलेल्या नऊ कवींच्या कवितांची तुलना केली. पहिल्या गटाच्या कवितांत 'मी' या अर्थाचे शब्द अधिक आढळले. २००४ साली स्टेफनी रूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे निबंध तपासले, तेव्हा नैराश्यग्रस्त विद्यार्थ्यांच्या निबंधांत 'मी' आणि दुःखवाचक शब्द अधिक होते. दुःखात मन स्वतःभोवतीच फिरत राहते, असा याचा अर्थ लावता येतो.

२०१८ साली इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या मोहम्मद अल-मोसावी आणि टॉम जॉनस्टन यांनी टोकाच्या शब्दांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'नेहमी', 'कधीच नाही', 'पूर्णपणे', 'काहीच नाही' अशा अर्थाचे शब्द चिंता, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांनी ग्रासलेल्यांच्या लेखनात जास्त येतात, असे त्यांना दिसून आले. धम्माचा विद्यार्थी येथे थबकेल. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे तथागतांचे मूळ सांगणे. खचलेले मन हीच गोष्ट विसरते. आजचे दुःख उद्याही असेच राहणार, आज एकाने अपमान केला म्हणजे सगळेच अपमान करणार, अशी त्याची खात्री होते. त्याच्या तोंडून 'कधीच' आणि 'सगळे' हे शब्द बाहेर पडतात ते या विसरण्यामुळे.

आणखी एक अभ्यास सांगतो. अमेरिकेतील एका ख्रिस्ती संघातील जोगिणींनी तरुणपणी, सरासरी बावीसाव्या वर्षी, आपापले छोटे आत्मवृत्त लिहून ठेवले होते. डेव्हिड स्नोडन आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५८ वर्षांनंतर त्यांतील ९३ जणींची तपासणी केली. ज्यांच्या तरुणपणीच्या लेखनात एकेका वाक्यात कल्पना कमी गुंफलेल्या होत्या, त्यांच्यात म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. २००१ साली अशाच १८० आत्मवृत्तांवरून असे दिसले की ज्यांनी आनंद, कृतज्ञता, प्रेम या भावना अधिक व्यक्त केल्या होत्या त्या सरासरीने अधिक जगल्या. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही, हे मात्र विसरू नये.

मनाच्या गंभीर आजारांत भाषेतील बदल डॉक्टरही पाहतात. खोल नैराश्यात बोलणे मंदावते, उत्तर यायला वेळ लागतो. उन्मादाच्या आजारात माणूस थांबविता न येण्याइतका वेगाने बोलतो. स्किझोफ्रेनियात कधी कधी वाक्याचा वाक्याशी सांधा जुळत नाही. आपल्या वस्त्यांत आजही अशा माणसाला 'बाहेरचे लागले' म्हणून भगताकडे नेले जाते, साखळीने बांधले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात असे घडणे ही धम्माशी प्रतारणा आहे. आजार आहे तर उपचार आहे, हाच बुद्धाचा कार्यकारणभाव. पटाचारेचे उदाहरण पाहा. पती, मुले, आईबाप आणि भाऊ गमावून ती भ्रमिष्ट झाली आणि लोक तिला हाकलू लागले. तथागतांनी तिला भगिनी म्हणून हाक मारली आणि भानावर येण्यास सांगितले. पुढे तीच थोर थेरी झाली.

मराठीत मोजताना

हे संशोधन बहुतांशी इंग्रजी भाषेवर झाले आहे. ते जसेच्या तसे मराठीला लावता येणार नाही. इंग्रजीत कर्ता सांगावाच लागतो. मराठीत 'जेवलो', 'उद्या येते' एवढे पुरते. 'मी' क्रियापदातच असतो. काही भागांत एकटा माणूसही स्वतःला 'आम्ही' म्हणतो. म्हणून मराठी निबंधातील 'मी' मोजून कोणाचे मन कळेल असे समजू नये.

मराठीची स्वतःची वेगळी खूण आहे, ती मात्र विचार करण्याजोगी आहे. आपण 'मी रागावलो' म्हणतो तसे 'मला राग आला' असेही म्हणतो. राग आला, रडू आले, भीती वाटली. जे आले ते जाणारे आहे, हा अनित्यतेचा अर्थ या रचनेतच दडला आहे. 'मला गणित जमले नाही' हे एका प्रसंगाचे वाक्य आहे. 'मी नालायक आहे' हे स्वतःवर मारलेल्या शिक्क्याचे वाक्य आहे. मुलाच्या तोंडी पहिल्या प्रकारची वाक्ये असतील तर ते अडचणीत आहे. त्यांची जागा दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांनी घेतली तर ते संकटात असू शकते. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे. वर्गात मुलांचे ऐकताना उपयोगी पडलेली एक शिक्षकी खूण म्हणून सांगतो.

बोली म्हणजे दोष नव्हे

आता दुसरी फसगत. भाषेवरून माणूस ओळखण्याचे काम आपल्या देशात मानसशास्त्राच्या फार आधी जातीने केले आहे. 'पानी' म्हटले की मूल अडाणी, 'पाणी' म्हटले की हुशार! एका मुलाचा अनुभव सांगतो. वर्गात तो प्रश्नाला उत्तर देत नसे, म्हणून शाळेच्या नोंदीत त्याच्यापुढे 'मंद' असा शेरा होता. त्याच्या घरी गेलो तेव्हा तोच मुलगा आपल्या आजीसमोर नदीच्या पुराची हकीगत अशी रंगवून सांगत होता की ऐकणारा थक्क व्हावा. वर्गातील त्याचे मौन हे बुद्धीचे किंवा स्वभावाचे लक्षण नव्हते. तोंड उघडले की हसतात, हे तो पहिलीतच शिकला होता.

याबाबत तथागतांचा निर्णय स्पष्ट आहे. विनयपिटकातील चूळवग्गात कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तक्रार केली की नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवतात, तरी ते छंदस् भाषेत घालावे. तथागतांनी त्यांची निर्भर्त्सना केली आणि आपापल्या बोलीत बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. म्हणून शिक्षकाने आणि पालकाने बोली आणि मनाची स्थिती यांची गल्लत करू नये. दुसऱ्याच्या भाषेशी तुलना करण्याऐवजी त्या माणसाच्या स्वतःच्या कालच्या बोलण्याशी आजचे बोलणे ताडून पाहावे.

जातीने दिलेली भाषा

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव निंदादर्शक असावे असा नियम आहे. कचऱ्या, धोंड्या, दगड्या ही नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आली. 'जोहार मायबाप' हे अभिवादन आणि पाटलासमोर अंग चोरून बोलणे हा रोजचा परिपाठ होता. ज्याला जन्मापासून 'अरे-तुरे' ऐकावे लागते, तो स्वतःच्या मनातही स्वतःला 'अरे-तुरे'च करू लागतो. बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पहिल्या पत्राला 'मूकनायक' हे नाव दिले ते या मुक्या केलेल्या समाजासाठी. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे 'जोहार' जाऊन 'जय भीम' आला. 'जय भीम' म्हणताना मान वर होते, समोरचा बरोबरीचा होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या त्यांत 'मी' हा शब्द पुन्हा पुन्हा आला. मी हे करणार नाही, मी हे पाळीन. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या तोंडी 'आम्ही तुमचे चाकर' होते, त्यांनी त्या दिवशी निश्चयाने 'मी' म्हटले. धम्मदीक्षा ही भाषेचीही दीक्षा होती.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. वर नैराश्यातील 'मी' आणि टोकाचे शब्द सांगितले. मग प्रतिज्ञेतील 'मी' आणि 'कधीही नाही' यांचे काय? नैराश्यातील 'मी' बंद दारामागे फिरतो. प्रतिज्ञेतील 'मी' जबाबदारी घेतो. 'माझे कधीच चांगले होणार नाही' हे हताश मनाचे वाक्य आहे. 'अस्पृश्यता कधीही मानणार नाही' हे निरोगी मनाचे वाक्य आहे. अन्यायाविरुद्धच्या रागाला आजार म्हणणारे लोक आपल्याला भेटतील. त्यांचे ऐकू नये. तसेच, खरोखर खचलेल्या माणसाला 'तू भीमाचा बच्चा, रडतोस काय' असे म्हणून गप्पही करू नये. स्वाभिमानाच्या नावाखाली दुःख दाबून ठेवणे हेही असत्यच आहे.

घरातील फरुसावाचा

आता आपल्याच घरात डोकावू. विहारात वंदना म्हणणारे आपण घरी लेकरांना काय म्हणतो? 'मेल्या', 'मुडद्या', 'तुझ्यानं काय व्हायचंय', 'आपल्या लोकांचं हे असंच'. दारू पिऊन आलेला बाप रात्री जे बोलतो ते मूल सकाळी शाळेत घेऊन येते. जातीने आपल्याला दिलेल्या शिव्या आपणच पुढच्या पिढीला देतो, तेव्हा मनूचे काम आपण फुकट करतो. बाहेरून रोज कानावर पडणारा शब्द हळूहळू मुलाच्या आतला आवाज होतो. 'तू नालायक' चे 'मी नालायक' होते. फक्त सर्वनाम बदलते.

नववीच्या एका मुलीचे उदाहरण देतो. तिचे निबंध दोन-दोन पाने भरत. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते अर्ध्या पानावर आले. मैत्रिणींची नावे, घरची शेळी, पाऊस, सगळे त्यातून गळून गेले. एका निबंधाच्या शेवटी तिने लिहिले होते की आपण असलो काय आणि नसलो काय, कोणालाच फरक पडत नाही. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती; नुसते गुण देऊन वही परत करता आली असती. तिला शांतपणे बसवून विचारले तेव्हा तिने मनातले सांगितले. मुख्याध्यापिका आणि तिची आई यांच्याशी बोलून तिला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले. पुढचे काही महिने कठीण गेले. वर्षअखेरीस तिच्या निबंधात शेळी परत आली.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादचा संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने आपले जीवन संपवले. त्याचे अखेरचे पत्र साऱ्या देशाने वाचले. त्याच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आपल्यापुरता धडा एवढाच घेऊ, की आपल्या मुलांचे शब्द ती हयात असताना वाचणारे कोणीतरी आपल्यात असले पाहिजे.

काय करावे?

१. एका वाक्यावरून निर्णय करू नये. रागाच्या भरात कोणीही काहीही बोलतो. काही आठवडे टिकलेला बदल पाहावा: बोलणे एकदम कमी होणे, पूर्वीचे विषय गळून पडणे, स्वतःला ओझे म्हणणे, निरोपाची भाषा येणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे.

२. मरणाचा उल्लेख आला तर न घाबरता स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारा भेटल्याने मन हलके होते. अशा माणसाला एकटे सोडू नये.

३. रोगाचे नाव आपण देऊ नये. ते डॉक्टरांचे काम आहे. सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे; तेथे मराठीतही बोलता येते.

४. दुःख लिहून काढावे. पेनेबेकर यांच्या १९८६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील सर्वांत दुःखद अनुभव लिहिला. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातील फेऱ्या पुढील महिन्यांत कमी झाल्या. पुढच्या अभ्यासात असे दिसले की ज्यांच्या लेखनात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता कळले' असे शब्द वाढत गेले त्यांना अधिक फायदा झाला. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये. दुःखाचे कारण शोधू लागलेले मन बरे होऊ लागते.

५. 'माझे' कडून 'आपले' कडे जावे. किसा गोतमी मेलेले बाळ कडेवर घेऊन फिरत होती. तथागतांनी तिला उपदेश न करता, ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आणावयास धाडले. दारोदार फिरून तिला कळले की हे दुःख एकटीचे नाही. आपल्या विहारांनी हेच काम करावे. दुःखिताला चार घरे दाखवावीत, चार माणसे जोडून द्यावीत.

६. अभयराजकुमार सुत्तातील कसोटी रोजच्या बोलण्याला लावावी. सत्य आहे काय? हिताचे आहे काय? त्याची ही वेळ आहे काय? बोलणे अप्रिय असले तरी सत्य आणि हिताचे असेल तर तथागत ते योग्य वेळ पाहून बोलत.

वाचकहो, धम्म आपल्याला तोंडाने मिळाला. तो लिहून ठेवण्यापूर्वी कित्येक पिढ्या भिक्खूंनी तो मुखोद्गत ठेवला. बाबासाहेबांनीही आपल्याला शब्दांनीच उभे केले. त्या शब्दांचे ऋण आपण आपल्या घरातल्या लेकराशी बोलताना फेडावयाचे आहे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. मिथ्या वाचेचे चार प्रकार सांगा. मागील आठवड्यात त्यांपैकी कोणता आपल्या हातून अधिक घडला?
२. भयातून आलेली नम्रता आणि मैत्रीतून आलेली मृदुता यांत फरक कसा ओळखाल?
३. 'मला जमले नाही' आणि 'मी नालायक आहे' या दोन वाक्यांतील भेद आपल्या मुलांना कसा समजावून सांगाल?
४. आपल्या वस्तीतील मनाच्या आजाराने पीडित माणसाशी लोक कोणत्या शब्दांत बोलतात? ते बदलण्यासाठी विहार काय करू शकेल?

जय भीम! जय बुद्ध!